नानकटाईच्या ट्रेवरची चिठ्ठी

आजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याहून बार्शीटाकळीला जाणाऱ्या एसटीत होते. धाकट्या भावाचा फोन. "ताई, आजी..." एवढंच तो बोलला आणि पुढचं मला मागून येणाऱ्या आवाजांवरून कळलं. मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली, रस्त्यातच उतरले आणि पलीकडून येणारी पहिली गाडी धरून अकोल्याला आणि तिथून अमरावतीला निघाले. मी शिकवते त्या शाळेत कळवायचं राहिलं हे मूर्तिजापूर गेल्यावर आठवलं. पोळा होऊन चारच दिवस झाले होते. आजीचं वय झालं होतं, कंबरेचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच होती, त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. पण गाडीत बसल्यावर माझ्या डोळ्यांसमोर खाटेवरची आजी आलीच नाही. आली ती बेकरीच्या भट्टीच्या दारात फतकल मारून बसलेली, कोपरापर्यंत मैद्याने माखलेली आणि मला "सुजे, हात चालव वं" म्हणणारी आजी.

सुभद्राबाई खंडारे ही माझ्या वडिलांची आई. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यात तिचं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात निंदण आणि कापूस वेचणीत गेलं. बाबांना अमरावतीला एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि मी सहावीत जाणार म्हणून आम्ही सगळे शहरात आलो. आई घरी शिवणकाम करायची, मग माझा डबा, माझी वेणी, माझा अभ्यास हे सगळं आजीनं स्वतःकडे घेतलं. अभ्यास म्हणजे मी मोठ्यानं वाचायचं आणि तिनं ऐकायचं. तिला अक्षर येत नव्हतं. पण मी ओळ गाळली की तिला हटकून कळायचं. "मधातलं खाल्लं तुवा," असं ती म्हणायची.

आमच्या वस्तीच्या टोकाला सलीमचाचांची बेकरी होती. दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस तिथं पाव कमी आणि लोकांची नानकटाई जास्त भाजली जायची. घरून मैदा, बेसन, पिठीसाखर, तूप घेऊन जायचं, ओट्यावर बसून मळायचं, गोळे करून बेकरीच्या काळ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे आणि ट्रे चाचांच्या हवाली करायचे. भट्टीत एकाच वेळी दहा घरांचे ट्रे जात, म्हणून प्रत्येक ट्रेच्या कोपऱ्यात, एका गोळ्याखाली दाबून, आडनावाची चिठ्ठी ठेवायची असे. ट्रे बाहेर निघाले की चाचा चिठ्ठी बघून पुकारा करत आणि ज्याचा त्याने डबा पुढे करायचा. आजीला या सगळ्याचं भारी अप्रूप. गावाकडे असं काही नव्हतं. आमच्या बौद्ध समाजातल्या दोघींनी तिला टोकलं, की दिवाळी आपली नाही, मग हे कशाला? आजी म्हणाली, "दिवाळी आपली नसंन बाई, पन सुट्टी तं आपली हाये! लेकरं घरी रायतीन तं खातीन काय?" पुढच्या वर्षी त्या दोघीही डबे घेऊन आल्या.

मळायचं काम आमच्या दोघींचं. तूप आणि साखर परातीत तळहातानं फेसायची, इतकी की ती पांढरी पडून हलकी झाली पाहिजे. मग त्यातला बोराएवढा गोळा वाटीभर पाण्यात टाकायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर परत फेसा. माझा गोळा नेहमी बुडायचा. "तुह्यावानीच जड हाये," आजी म्हणायची आणि परात स्वतःकडे ओढायची. पण चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. वहीचं पान फाडून मी चार चिठ्ठ्यांवर ठळक अक्षरात 'खंडारे' लिहायचे आणि आजी आजूबाजूच्या बायांना सांगायची, "नात लिवते. शाळेत जाते."

हे ज्या वर्षी घडलं तेव्हा मी सातवीत होते. दिवाळीच्या महिनाभर आधी वर्गात मागासवर्गीय शिष्यवृत्तीचे अर्ज वाटले. बाईंनी आमच्यापैकी काही मुलींना नावं घेऊन उभं केलं. त्यांच्या मनात काही असेल असं आजही मला वाटत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून डबा खाताना मधल्या सुट्टीतला आमचा गोल जरा लहान झाला. बाकीच्या फक्त सरकून बसल्या. मी घरी सांगितलं नाही. मला त्याच वर्षी शिकवणीत मेघा नावाची एक मैत्रीण मिळाली होती. ती दुसऱ्या शाळेतली. तिला माझं फक्त नाव माहीत होतं, आणि तेवढंच माहीत राहावं असं मला मनापासून वाटायचं.

त्या दिवशी भट्टीवर आम्ही गोळे मांडत होतो आणि मेघा तिच्या आईबरोबर डबे घेऊन आली. "अय्या, तू पण?" म्हणून माझ्या शेजारीच बसली. आजीनं माझ्याकडे पेन सरकवला. "लिव." मेघा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती... मी लिहिलं, 'पाटील'. चारही चिठ्ठ्यांवर. गावात मोठ्या घराला हेच नाव असतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आजीनं त्या चिठ्ठ्या नेहमीसारख्या चार गोळ्यांखाली दाबल्या आणि ट्रे आत गेले.

त्या रांगेत खरे पाटील किती असतील हे मला सुचलंच नाही. चाचांनी "पाटील!" असा पुकारा केला आणि पुढच्या गल्लीतल्या एक बाई उठल्या, आपले दोन आणि आमचे चार, असे सहाही ट्रे डब्यात भरून निघून गेल्या. इतकी नानकटाई कशी झाली, हे त्यांनाही घाईत कळलं नसावं. मी पाहत होते. मेघा आणि तिची आई आपले डबे घेऊन गेल्या, एकेक करून ओटा रिकामा झाला. आजी रिकामा डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

"चाचा, खंडारेचे ट्रे?"

चाचांनी भट्टीत वाकून पाहिलं. "आजी, भट्टी तो खाली है."

"खाली कशी? चार ट्रे देल्ले म्या! अर्ध्या दिवसापासून हात तुटले माहे. दुसऱ्याचं सामान सांभाळता येत नाही तं भट्टी कायले मांडली?" आजी उभी राहून बोलत होती आणि तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. चाचांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घातली. "गलती हो गई आजी. मेरीच गलती है. सुबह तक ढूंढ के देता." त्यांनी खारीची एक पिशवी पुढे केली. आजीनं ती घेतली नाही. मी तेव्हा एक शब्द बोलले असते तर... पण नाही बोलले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर डबा भरलेला होता. "चाच्याले सापडली," आजी म्हणाली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मात्र सुट्ट्या संपायच्या आत तिनं माझी जुनी पाटी शोधून काढली आणि माझ्यासमोर बसली. "सुजे, मले आडनाव लिवाले शिकव."

"आधी नाव शिक ना आजी. सुभद्रा."

"सुभद्रा गावात छप्पन हायेत. खंडारे शिकव."

तिला महिना लागला. 'ख' कधीच नीट जमला नाही. त्यातले 'र' आणि 'व' भांडून बसलेल्या जावांसारखे लांब लांब राहत. पण पुढच्या दिवाळीत भट्टीवर तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतला आणि चार चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या. मागच्या बाया कुरकुरल्या, "आटप ना वं बुढे." आजी मान वर न करता म्हणाली, "थांब माय. अक्षर हाये थे, गवत नाही उपटाचं." चाचा हसले. "क्या आजी, मॅट्रिक हो गई क्या?" आजी म्हणाली, "नात होईन. म्या अर्धी केली." त्यानंतर ती चालती होती तोवर चिठ्ठ्या तिनंच लिहिल्या. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. पदवीचा कागद मी तिच्या हातात दिला तेव्हा तिनं बोटानं एकेक ओळ चाचपत त्यावरचा तिला वाचता येणारा एकच शब्द शोधून काढला आणि त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिली.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्या खाटेजवळ बसले होते. इतकी वर्षं मनात राहिलेलं, शेवटी सांगितलं. आजी, त्या वर्षी चिठ्ठीवर मी आपलं आडनाव लिहिलं नव्हतं.

"मालूम हाये," ती म्हणाली. "पाटलीनबाईनं आपली नानकटाई वापस आनून देल्ली. चाच्या डबा घेऊन घरी आला, चिठ्ठी वाचून दाखवली. म्हने, आजी, बच्ची को कुछ मत बोलना."

"म्हणजे त्याला तेव्हाच..."

"त्याले भट्टीवरच मालूम होतं. चिठ्ठी त्यानंच तं वाचली, तुहं अक्षर ओयखे थो. म्या बोलून राहिली अन् थो गुमान ऐकून राहिला." आजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "थे माह्या जिवाले लागते अजून."

"मग मला काहून नाही मारलं तू?"

"मारलं असतं तं तुवा आखीन लपवलं असतं." मग डोळे मिटून म्हणाली, "तुले लिवाची लाज वाटे. मंग कोनीतरी लिवलं पाहिजे ना वं."

परवा, दिवाळीच्या तोंडावर, मी अमरावतीला गेले आणि एकटीच सामान घेऊन भट्टीवर बसले. तूप फेसलं, गोळा पाण्यात टाकला, दोनदा बुडाला, तिसऱ्यांदा तरंगला. सलीमचाचा आता भट्टीजवळ उभे राहत नाहीत, दाराशी खुर्चीवर बसतात. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "चाचा, त्या वर्षी आजी तुम्हाला खूप बोलली. चूक माझी होती. तुम्हाला माहीत होतं."

चाचांनी हात झटकला. "कौनसी चूक बेटा? इतनी भीड में ट्रे तो इधर-उधर होतीच है. भट्टी की गलती." पंचवीस वर्षं झाली, तरी हा माणूस माझा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन बसला होता. मी ओट्यावर परत येऊन गोळे मांडू लागले.

आता तिथं चिठ्ठ्या चालत नाहीत. चाचांचा मुलगा प्लास्टिकचे नंबर देतो. मी तरी वहीचं पान फाडलं आणि चार चिठ्ठ्या लिहिल्या. तो म्हणाला, "मॅडम, नंबर हाये ना. नावाची काय गरज?" मी म्हटलं, "असू द्या." आणि गोळ्यांखाली दाबल्या.

ट्रे निघाले. तुपात करपून तपकिरी झालेला कागद त्यात दिसत होता. मुलानं नंबर पुकारला. चाचा खुर्चीतूनच त्याच्यावर ओरडले, "अरे, चिठ्ठी लगी है ना? पढ़ के बोल!"

"खंडारे!" तो ओरडला.

ओट्यावरच्या सगळ्या बायांनी मान वळवली. मी डबा घेऊन उठले. "हौ," मी म्हणाले, "आमचेच हायेत."