बर्फातला थुंकीचा डबा

आधीच सांगतो, अंगात येणारी बाई दिसली की मी उठून चालायला लागतो. भूत, करणी असल्या गप्पा मारणाऱ्यांची आयुष्यभर टिंगल केली. शेंद्र्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळलं... वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा माझा खाक्या. आणि दुसरं म्हणजे मला किळस फार. पंगतीत शेजारचा भुरके मारायला लागला की माझं जेवण तिथंच संपतं.

मागच्या मे महिन्यात मी फिनलंडला गेलो. माझा मुलगा सचिन तिकडं उत्तरेला एका लहान गावात नोकरी करतो. तो म्हणाला, स्प्रिंगमध्ये या, जेमतेम तीन-चार आठवडे असतो, बघण्यासारखा. इकडं मुकुंदवाडीत कूलर गरम हवा फेकत होता, म्हणून गेलो. फुलं बघायची होती. फुलं कसली! सहा महिने बर्फाखाली दडलेली घाण वर आली होती. कुत्र्यांची विष्ठा, भिजून फुगलेली सिगारेटची थोटकं, कुजका पाला, कुणाचा तरी एकटाच मोजा... आणि सगळ्यावर एक आंबूस वास. मी नाकाला रुमाल लावून फिरायचो, सचिन हसायचा.

बिल्डिंगच्या मागं, पार्किंगच्या कोपऱ्यात, हिवाळाभर मशीननं लोटलेल्या बर्फाचा काळा पडलेला ढीग होता. रोज थोडा खचायचा. आठव्या दिवशी भर दुपारी त्यात काहीतरी चमकलं. मी काठीनं उकरलं, तर स्टीलचा डबा. झाकणाची कडी तुटलेली, तिच्या जागी तांब्याची तार पिळलेली. ती तार मीच पिळली होती. डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं — चि. दत्ता यास लग्नानिमित्त, आईकडून.

हा डबा काय होता ते सांगतो. आई शेवटचे चार महिने अंथरुणावर होती. छातीत कफ साठलेला. जुना झाला म्हणून हाच डबा तिच्या उशाशी ठेवला होता, थुंकायला. तळाला गोवऱ्यांची राख. ती करमाडहून मामेभाऊ आणून द्यायचा. सचिन तेव्हा बारावीला होता, कॉलेजला जाण्याआधी रोज डबा तोच धुवायचा. मी, तिचा पोटचा पोरगा, दारात उभा राहून विचारपूस करायचो.

एका सकाळी घरी मी एकटाच होतो आणि डबा भरला होता. मी तोंडाला रुमाल बांधला, झाकण दाबलं, आणि धुवायच्या ऐवजी मागच्या नाल्यात भिरकावला. माझ्या डोळ्यांदेखत तो वाहून गेला. आई दिवसभर उशाशी हातानं चाचपत होती.

"दत्ता, माझा डबा कुठं गेला रं?"

धुवायला टाकलाय, म्हणालो. ती पदरात थुंकत राहिली आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. संध्याकाळी बायको आणि सचिन आल्यावर सांगितलं, डबा गळत होता, भंगारात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. हे मी कुणालाही कधी सांगितलं नव्हतं. मला माझीच शिसारी यायची.

तर, त्या बर्फापाशी मी झाकण उघडलं. आत राख होती. राखेवर पिवळा कफ... ओला, ताजा. वर गोवरीचा धुरकट वास. त्या देशात गोवरी कुठली? मी तिथंच ओकलो. सचिननं खिडकीतून पाहिलं आणि धावत खाली आला. डबा बघून थबकला. मग जुन्या सवयीनं तो उचलायला वाकला. मी त्याचा हात धरला. "थांब. आज मी धुतो."

बाथरूममध्ये नेऊन उघड्या हातांनी धुतला. कफ बोटांना चिकटत होता, नखांत राख जात होती. मधेच आणखी दोनदा ओकलो. किळस कमी झाली वगैरे काही नाही, उलट वाढली. धुऊन झाल्यावर मी सचिनला सगळं सांगितलं. तो टॉवेलनं डबा पुसत होता.

"मला माहीत होतं, पप्पा," तो म्हणाला. "नाल्यात पडल्याचा आवाज आजीनं ऐकला होता. त्याच संध्याकाळी मला म्हणली, 'त्याला लहानपणापासून लई किळस येती. तू त्याला काय बोलू नको.'"

मी त्याच्या हातातून डबा घेतला आणि पुन्हा नळाखाली धरला.

तुम्ही म्हणाल, मुलानंच नेऊन ठेवला असेल. कुठून नेणार? डबा वाहून जाताना मी पाहिलाय. त्या गावात दुसरं भारतीय घरही नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केला, अजूनही करतो. उत्तर मिळालेलं नाही.

डबा आता मुकुंदवाडीत आमच्या स्वयंपाकघरात आहे, वरच्या फळीवर. बायकोलाही सगळं सांगितलंय. दर आठवड्याला मी तो खाली काढून घासतो आणि दर वेळी मला मळमळतं. बायको म्हणते, इतका त्रास होतो तर टाकून द्या ना.

मी म्हणतो, एकदा टाकला होता.