रंगाऱ्याचं नवं घर

तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्यावर रंगाऱ्याला एकदाचं स्वतःचं घर मिळालं. दोनच खोल्या, त्याही चौथ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. पण खिडकी एवढी ऐसपैस की सकाळचं ऊन थेट ओट्यापर्यंत यायचं. गडी नुसता हवेत होता. पुढच्या खोलीचा रंग त्याने पाच वेळा बदलला. "सहाव्यांदा ब्रश उचललात तर मी भावाकडे निघून जाईन," असं बायकोने बजावलं, तेव्हा कुठे थांबला.

राहायला गेले त्या दिवशी त्याने आणि मेहुण्याने ऐंशी वर्षांच्या आईला खुर्चीत बसवून, धापा टाकत वर आणलं. म्हातारीने भिंतीवरून हात फिरवला.

"लोण्यासारखी झालीय रे!"

रंगारी फुलला. तिची पेटी उघडायला लागला, तशी ती म्हणाली, "राहू दे बांधलेलीच. मी आज ना उद्या निघणार."

"कुठे?"

"वर."

"वर गच्ची आहे फक्त," मेहुणा म्हणाला. म्हातारी खळखळून हसली. रंगाऱ्याचा चेहरा मात्र पडला.

"तुझ्यासाठी एवढा जीव काढला, आणि तुला जायची घाई?"

आईने त्याला शेजारी बसवलं. इस्पितळातल्या चादरींना जन्मभर इस्त्री करून तिचे तळवे गुळगुळीत झाले होते. त्यांत त्याचा हात धरून म्हणाली, "वेड्या, घर आवडलं म्हणूनच सांगतेय. इतकं छान काही पाहिलं ना, की मला स्वर्गाची ओढ लागते. हे ऊन दुपारी सरकेल, तिथलं सरकायचं नाही. आणि प्रभूला समोर बघायचंय मला! सत्तर वर्षं नुसती बोलतेय त्याच्याशी, अजून तोंड पाहिलं नाही!"

लग्न ठरलेल्या पोरीसारखे तिचे डोळे चमकत होते.

खरं तर सकाळपासून रंगाऱ्यालाही काहीतरी टोचत होतं. घर मनासारखं झालं, येणारा-जाणारा वाहवा करत होता, तरी आत कुठेतरी रिकामंच वाटत होतं. बायकोला सांगायची चोरी.

"मला वाटलं, रंगच चुकला," तो हळूच म्हणाला.

"रंग झकास आहे. तुझी भूकच मोठी आहे, आणि ती देवाने दिलीय."

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढंच होतं तर! पुढे आठवडाभर कामावर तो शिडीवर उभा राहूनसुद्धा शीळ घालत होता.

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायचीय? देवाने काय दिलं, ते सगळ्यांना सांगायचंय?" चारचौघांत कधी तोंड न उघडणारा रंगारी ताडकन उठला. बायकोने सदरा ओढला, पण ऐकतोय कोण!

"मला घर मिळालं!" तो जवळजवळ ओरडलाच. "आणि ते मला पुरलं नाही! अहो, पुरणारच नव्हतं! आपल्यासाठी याहून मोठं राखून ठेवलंय!"

लोक बुचकळ्यात पडले. पाळक चष्मा काढून बघत राहिले. तेवढ्यात मागच्या बाकावरून, पुन्हा खुर्चीत बसवूनच चार मजले खाली आणलेल्या म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "आमेन! बोल पोरा, थांबू नकोस!"

आणि तो बोलत सुटला.