नानांच्या पेटीत काळा डबा नाही

रंगभूषाकार नारायणराव कौसडीकर, म्हणजे आपले नाना, मला पहिल्यांदा भेटले ते राणीसावरगावच्या शाळेत, स्नेहसंमेलनाच्या दिवशी. मी सातवीत होते. नाटकातली राक्षसीण मला मिळाली होती आणि का मिळाली होती, हे गुरुजींनी साऱ्या वर्गासमोर सांगून टाकलं होतं: "हिला रंग लावायचं कामच नाही." वर्ग हसला. मीही हसले. दुसरं काय करणार? परभणीहून आलेले नाना पत्र्याची पेटी उघडून बसले होते. गुरुजींनी तोच विनोद त्यांनाही ऐकवला. नाना हसले नाहीत. त्यांनी माझी हनुवटी वर उचलली, भुवया जाड आणि तिरक्या केल्या, डोळ्यांखाली लाल रेघ ओढली आणि म्हणाले, "गुरुजी, राक्षस रंगानं न्हाई व्हत. भिवयानं व्हतो." मग वर्गातल्या सगळ्यांत गोऱ्या मुलाला बोलावून त्यांनी त्याच्याही भुवया तशाच केल्या. तो माझ्यापेक्षा भयंकर दिसायला लागला. त्या दिवसापासून मी नानांची झाले.

आता मी ताडकळसला शिक्षिका आहे आणि सुट्टीत नानांच्या हाताखाली रंगभूषा करते. त्यांची पद्धत सोपी वाटते, पण हातात बसायला वर्षं गेली. आलेल्या माणसाला ते आधी दारातल्या उजेडात उभं करतात. तळहातावर रंग कालवतात आणि कानाखाली जबड्यावर बोटभर लावून बघतात. "दिसंना का? मग बसला," असं म्हणतात. ज्याचा त्याचा रंग ज्याला त्याला द्यायचा, असा त्यांचा नियम आहे. काजळ असतं, गेरू असतो, पण माणूस काळा करायचा डबा त्यांच्या पेटीत नाही आणि गोरा करायचाही नाही. 'नवरी जरा उजळ करा' म्हणून आलेल्या किती आयांना त्यांनी परत पाठवलं असेल! चहा पाजून पाठवलं, एवढाच त्यांचा मवाळपणा.

हे सगळं सांगायचं कारण ती जाहिरात. तुम्ही सगळ्यांनी ती पाहिली आहे आणि तुमच्यापैकी बरेचजण तिला हसलेही आहेत. कमरेला पानं गुंडाळलेला, नखशिखान्त काळा माणूस ढोलावर नाचतो. त्याच्यावर धुण्याच्या पावडरीचं पाणी पडतं, आणि तो गोरा होऊन, शर्ट-पँट घालून बाहेर येतो. टीव्हीवर ती लागली तेव्हा मी नानांच्या घरी होते. नाना म्हणाले, "ह्याच्या कानामागं बघ. रंग पोचलाच न्हाई. गोऱ्या पोराला डांबर फासलंय." मग उठून त्यांनी टीव्ही बंद केला. कारण त्यांच्या माडीवरच्या खोलीत जुमा राहतो. जुमा टांझानियाचा, इथे शेतीचं शिकायला आलेला. नानांच्या घरी भाकरी खातो आणि नानांच्या पत्नीकडून, आमच्या काकूंकडून, मराठी शिकतो.

त्यानंतरच्या आठवड्यात जुमा माझ्याबरोबर ताडकळसच्या बाजारात आला होता. भाजीच्या रांगेतून एकाने तोंडाने ढोल वाजवला. मग दुसऱ्याने. मग अख्खी रांग ढोल वाजवायला लागली. पोरंटोरंच नव्हती, चांगली घडीच्या कपड्यातली माणसं होती. एकजण तर पाण्याची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "टाकू का? गोरा व्हशील." जुमाने हातातली मेथी खाली ठेवली आणि तो मोटारसायकलीजवळ जाऊन उभा राहिला. घरी आल्यावर एवढंच म्हणाला, "काकू, मी आता बाजार येत न्हाई." पुढे तो कॉलेजलाही जाईना. बॅग भरून ठेवली. परत जातो म्हणाला.

नाना पेटले ते तेव्हा. वाहिनीला त्यांनी तक्रार पाठवली. वाचनालयाच्या सभागृहात परिसंवाद ठेवायला लावला. तिथे आपले विद्वान काय बोलले, ते मी विसरलेले नाही. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, की विनोद समजायला मन मोठं लागतं. दुसरे म्हणाले, की वर्णद्वेष हा परदेशातला रोग, आपल्याकडे तसलं काही नाही. आपल्याकडे नाही? मुलगी बघायला आलेले लोक 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' म्हणतात, त्यातला 'पण' कुठल्या देशातून आला? माझ्या वाट्याला तो किती वेळा आला, हे मला विचारा. मी भांडायला उठणारच होते. नाना मात्र शांतपणे उठले, पेटी घेऊन मंचावर गेले आणि त्यांनी खुर्ची मांडली. "या सर, बसा," ते प्राध्यापकांना म्हणाले. "काळा डबा मी ठेवत न्हाई, पन तुमच्यासाठी आनतो. तुमाला रंगवतो. मग तुमी तुमच्या कॉलनीतून एक चक्कर मारून या. गंमतच हाय न्हवं?" प्राध्यापक जागचे हलले नाहीत. सभागृहात कोणी हसलंही नाही.

जाहिरात लगेच थांबली, असं समजू नका. ती यथावकाश गेली आणि तिच्या जागी त्याच पावडरीची दुसरी आली, थोडी सभ्य कपड्यांतली. नानांना मात्र अनेक मंडळांनी बोलावणं बंद केलं. 'नाना लय मनाला लावून घेतात' म्हणे! पण दर बाजाराला नाना पिशवी घेऊन जुमाबरोबर जायला लागले. कोणी ढोल वाजवला की ते तिथेच थांबत आणि त्या माणसाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारत. "काय करायलास रे?" म्हणत. अर्ध्या तालुक्याचे चेहरे नानांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे त्यांना सगळ्यांचे बाप माहीत. ढोल हळूहळू बंद झाले. जुमाने बॅग रिकामी केली.

आता या ग्रंथाबद्दल. नानांच्या अमृतमहोत्सवाचा हा गौरवग्रंथ, त्याची कच्ची पानं गेल्या आठवड्यात माझ्या हाती आली. पहिल्याच पानावर नानांचा फोटो होता, आणि छपाईवाल्याने तो 'छान' केला होता. मुळातले काळेसावळे नाना त्यात गव्हाळ दिसत होते. नानांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि विचारलं, "हा कोन हाय? ह्याचाच सत्कार करा. मी घरी बसतो." फोटो बदलला गेला. पण मग मी शेजारचं पान पाहिलं. गौरवग्रंथात शुभेच्छांच्या जाहिराती असतात, हे मान्य. मात्र तिथे त्याच पावडरीच्या जिल्हा वितरकाच्या हार्दिक शुभेच्छा होत्या आणि कोपऱ्यात तोच काळा माणूस ढोल घेऊन नाचत होता. समितीतल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. सगळे नानांचे चाहते! मला त्यांचा राग आला, अजून आहे, आणि तो इथे छापून यावा अशी माझी इच्छा आहे.

समिती म्हणाली, ते आपले जुने हितचिंतक आहेत, ऐन वेळी पान मोकळं जाईल. नाना म्हणाले, "जाऊ द्या मोकळं. माझ्या घरात लेकरू हाय." पान मोकळं जाऊ नये म्हणून मी हा लेख लिहिला.

नाना, तुमचे डोळे आणि हात असेच शाबूत राहोत, आणि तुम्ही शंभरी पाहून पुढे जा. हे मी रीत म्हणून मागत नाही. ती जाहिरात पुन्हा येणार आहे आणि कानामागे पाहणारा माणूस आम्हाला हवा आहे.

सत्काराच्या दिवशी जुमा पहिल्या रांगेत काकूंशेजारी बसेल. त्याला आता मराठी वाचता येतं. तो हे पान उघडेल, तेव्हा त्याला इथे ढोल दिसणार नाही, त्याचं नाव दिसेल.