धाकट्याचं बटण आणि तिसरी फाईल

धाकटा नावालाच धाकटा. वय त्रेचाळीस, डोक्यावर मोजून केस, तरी घरात अजून धाकटाच. बाजारातली तयार वस्तू म्हटली की याच्या कपाळाला आठी. घरातलं बुटांचं कपाट यानंच केलं. दिसायला झकास, फक्त दार उघडायचं तर आधी सोफा सरकवावा लागतो. घरचे सरकवतात बिचारे.

पोटापाण्याला तो प्रोग्रॅम लिहितो, दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचा. त्यातल्या प्रत्येक पानाच्या तीन फायली. एकीत पान दिसतं कसं, दुसरीत चालतं कसं, आणि तिसरीत ते नीट चालतंय का याची तपासणी. एकीला हात लावला की उरलेल्या दोघींकडेही जावं लागतं, नाहीतर त्या रुसतात. आणि जायचं कसं, तर डावीकडच्या लांबलचक यादीत माऊसने शोधत शोधत. दिवसाला दोनशे खेपा. सहा वर्षांनी उजवं मनगट बोलायला लागलं.

फिजिओवाली बाई स्पष्टच म्हणाली, "माऊस सोडा. नाहीतर सोमवारी पट्टा बांधते. सहा आठवडे टायपिंग बंद."

टायपिंग बंद म्हणजे काम दुसऱ्याच्या हातात. आणि ते पान न् पान यानं लेकरासारखं वाढवलेलं.

म्हणून शनिवारी सकाळी धाकटा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला. बेत साधा होता. एडिटरला, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरला, एक छोटी स्क्रिप्ट लिहून द्यायची. एक बटण दाबलं की पहिल्या फाईलवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, तिसरीवरून परत पहिली. माऊसला कायमची सुट्टी. तेवढ्यात ऑफिसात शेजारी बसणारीचा फोन आला, तिलाही त्यानं हौसेनं सांगितलं.

"अरे, हे तयार मिळतं की. दोन मिनिटांत बसतं."

"तयारवालं मला हवं तसं नसतं."

"बरं बाबा. बुटांचं कपाट कसं आहे?"

त्यानं फोन ठेवला.

अकराला स्क्रिप्ट झाली. बटण दाबलं, दिसण्यावरून चालणं. परत दाबलं, चालण्यावरून दिसणं. पुन्हा चालणं, पुन्हा दिसणं. तपासणीची फाईल जागच्या जागी होती, यानं उघडून डोळ्यांनी पाहिली, पण बटण काही तिकडे फिरकेना. तीनदा सगळं पुसून नव्यानं लिहिलं. जेवण गार झालं. मनगट ठणकायला लागलं, आणि ते ठणकतंय म्हणून हा आणखी जोरात बडवायला लागला.

इकडे आईच्या फेऱ्या चालू. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला घरातल्या घरात चालायला सांगितलंय, स्वयंपाकघर, हॉल, मग बाल्कनी. हॉलमध्ये आली की लेकाच्या पाठीमागे थांबायचीच.

"झालं का रे?"

"नाही."

"सकाळपासून एकच बटण?"

"आई, तू चाल बघू."

की आई वळून परत स्वयंपाकघरात, फेरी पहिल्यापासून. चौथ्यांदा ती तशी वळली आणि धाकट्याचा पारा चढला. कुंड्यांना पाणी घालायचं काम तिचं, आणि बाल्कनीत झाडं माना टाकून बसलेली.

"अगं, परत आत कुठे चाललीस? हॉलमध्ये आहेस ना, मग इथून पुढे जा. दर वेळी पहिल्यापासून कशाला? अशानं बाल्कनी येणार कधी?"

"तुझ्याशी बोलले की मी कुठवर आले होते ते विसरते बाबा."

धाकटा काहीतरी लागट बोलणार होता, तो एकदम स्क्रीनकडे वळला. त्याची स्क्रिप्टही हेच करत होती. दर वेळी यादीच्या डोक्यापासून सुरुवात, आणि समोर उघडी नसलेली जी पहिली सापडेल ती उघडायची. दुसरीवर उभं असलं तरी परत पहिलीच सापडणार. तिसरीची पाळी येणार कुठून? आपण कुठवर आलोय ते आधी बघ, हे सांगायचंच राहिलेलं.

दोन ओळी बदलल्या. दिसणं, चालणं, तपासणी, परत दिसणं. तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

सोमवारी फिजिओवालीनं सूज दाबून पाहिली.

"माऊस सोडला नाहीत ना?"

"सोडला."

"मग हे कशानं?"

"सोडायची तयारी करत होतो. दिवसभर."

तिनं पट्टा बांधला. काम गेलं शेजारी बसणारीकडे. तिनं दुसऱ्याच दिवशी पानात बदल केले. धाकटा डाव्या हाताच्या बोटानं बटण दाबत बघत बसला. दिसणं बदललेलं. चालणं बदललेलं. तपासणी जुनीच, म्हणून पान नापास, लालभडक. बटण अगदी मख्खन चालत होतं, फक्त पट्ट्यामुळे एकही अक्षर बदलायची सोय नव्हती.

आई बाल्कनीतून रिकामी बादली घेऊन आली. "आता काय झालं?"

"ती तिसऱ्या फाईलपर्यंत गेलीच नाही."

"मग फोन कर तिला," आई म्हणाली. "माझ्यावर ओरडलास तसं मात्र ओरडू नकोस."