अमेरिकेचे अध्यक्ष शोधत बेनालापर्यंत

शनिवारी बेनालाला जाऊ या, धान्याच्या सायलोवरची चित्रं बघायला, असं मी घरी जाहीर केलं. हे अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं असं. माझे सासरे, बाबा, नागपूरहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे क्रेगीबर्नला आले आहेत. पोस्टातून रिटायर झाल्यापासून त्यांना अमेरिकेच्या इतिहासाने पछाडलंय. का, ते विचारू नका, काही जण गुलाब लावतात. येताना त्यांनी उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं: अमेरिकेचे अध्यक्ष, त्यांची भाषणं आणि त्या भाषणांतला देव. पानापानावर लाल बॉलपेनने बाबांचे शेरे. त्यावरच रविवारी आमच्या विहारात त्यांचं व्याख्यान ठरलेलं. बाबा ते गॅरेजमधल्या जुन्या सोफ्यावर बसून वाचायचे, आणि मी सोमवारी गॅरेज आवरताना ते रद्दी समजून ऑप शॉपच्या खोक्यात टाकलं. ऑप शॉप म्हणजे आपण दान केलेलं सामान विकणारं दुकान. सोमवारीच देऊनही आले, कामसू बाई ना मी.

मंगळवारी शोधाशोध सुरू झाली. तेव्हाच सांगून टाकायचं, तर मी काय म्हणावं? "तुम्हीच ठेवलं असेल कुठेतरी बाबा. वयामुळे होतं असं." बुधवारी बाबा फ्रीज उघडून भाज्यांमागे बघत होते. गुरुवारी त्यांनी बदाम भिजत घातले आणि हळूच विचारलं, इथे विसरण्याचा डॉक्टर कुठला चांगला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडेना. ऑप शॉपला फोन केला तर तिथली बाई म्हणाली, जाड पुस्तकं सगळी बेनालाच्या बुक फेअरला गेली, डिअर. माझा बेत सोपा होता. पुस्तक गुपचूप विकत घ्यायचं आणि घरी सोफ्याखाली सरकवायचं.

नवऱ्याची शिफ्ट होती, म्हणून मी, बाबा आणि आमची नऊ वर्षांची रेवा असे निघालो. क्रेगीबर्नहून ह्यूम फ्रीवे धरला की टोल नाही, वळणं नाहीत, पावणेदोन तासांत बेनाला. डबा न्या, वाटेतल्या सर्व्हिस स्टॉपवरचं सँडविच महाग आणि ओलं असतं. आम्ही मेथीचे पराठे नेले होते. बाबा खिडकीबाहेर मेंढ्या बघत होते.

"तिथे पोचल्यावर सांगशील ना, आपण कशाला आलो ते?" त्यांनी विचारलं. "म्हणजे मी विसरलो तर."

मागून रेवा म्हणाली, "मम, जस्ट टेल हिम." तिला सगळं माहीत होतं, आणि गप्प राहण्याचे दोन आइस्क्रीम आधीच ठरले होते. मी रेडिओ मोठा केला.

सायलो गूरमबॅटला आहेत, बेनालाच्या पुढे पंधराएक मिनिटांवर. धान्याच्या उंच कोठ्यांवर एक भलंमोठं घुबड आणि कामाचे दांडगे घोडे रंगवलेत. बघायला पैसे पडत नाहीत, फक्त माशा फार, टोपी न्याच. बाबांनी घुबडाकडे बराच वेळ बघितलं. घुबडानेही.

मग बेनालात परत येऊन, तळ्याकाठी पराठे खाऊन, मी सहज सुचल्यासारखं म्हटलं, इथे बुक फेअर आहे वाटतं. हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, पाठीमागे चहा आणि स्कोन, सगळा कारभार आजीबाईंच्या हातात. बाबांना मी बागकामाच्या टेबलापाशी सोडलं आणि इतिहासाकडे धावले. दोन टेबलं उपसली. तिसऱ्याशी पोचते तर तिथे बाबा उभे, हातात ते पुस्तक.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वैशाली," ते अगदी हळू म्हणाले, "हे अक्षर माझं आहे. मी इथे आधी येऊन गेलो का गं? मीच विकलं का हे?"

सोफा, बेत, सगळं विसरून मी तिथेच रडायला लागले. "नाही बाबा. मी टाकलं. रद्दी म्हणून. आणि चार दिवस खोटं बोलले."

बाबांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"एकदम ठीक आहे."

"आणि ते बदाम?"

"उगाच खाल्लेत."

ते खुर्चीवर बसले आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले. मला वाटलं होतं ओरडतील. तेवढ्यात टेबलावरच्या आजी म्हणाल्या, "हे अर्ध्या किमतीत घ्या, मेट. कुणा गाढवाने आत सगळीकडे खरडून ठेवलंय." झालं. बाबांनी त्यांना पुढची वीस मिनिटं एकेका शेऱ्याचं इंग्रजीत भाषांतर करून ऐकवलं. "आणि हा लाल शब्द? सगळीकडे आहे," आजींनी विचारलं. "खोटं," बाबा म्हणाले. "अध्यक्ष देवाची शपथ घेऊन बोलला की तिथे मी आधी हे लिहितो आणि मग तपासतो." आजींनी पुस्तक फुकट दिलं, बहुतेक सुटका व्हावी म्हणून.

परत येताना बाबा ह्यूमवर अख्खं व्याख्यान दोनदा बोलले. रेवा झोपून गेली. सायलोचे फोटो बरे आलेत, पण मला त्या दिवसाचा आठवतो तो बाबांचा प्रश्न, मीच विकलं का हे? दोन डॉलरच्या जुन्या पुस्तकापायी मी एका माणसाला चार दिवस स्वतःवरच संशय घ्यायला लावला, याची लाज अजून गेलेली नाही.

रविवारी विहाराचा हॉल भरला होता. बाबांनी व्याख्यान छान रंगवलं आणि शेवटी पुस्तक उंच धरलं.

"मोठ्या नेत्याची चूक झाली की तो देवाला पुढे करतो," ते म्हणाले. "माझ्या सुनेची चूक झाली, तिने माझं वय पुढे केलं. वैशाली, उभी राहा."

जमीन दुभंगावी असं वाटत असताना मी उभी राहिले.

"पण गळ्याशी आल्यावर का होईना, हिने भर बुक फेअरमध्ये सांगितलं, मी खोटं बोलले," बाबा म्हणाले. "सातशे पानांत मला असा एक अध्यक्ष सापडला नाही."