बायकोचा चांगला दात

माह्या बायकोचा दात चांगला होता. पहिले हेच सांगतो, कारण तो उपटला.

बोंडअळीची वर्षं होती. अळीच्या कापसानं अंगाले खाज सुटते म्हणून मजूर बाया वावरात येत नव्हत्या. आम्ही दोघंच वेचत होतो. एक दिवस ती बांधावर बसली. डावा जबडा दुखतो म्हणाली.

"खा अजून तंबाखूचा खर्रा!" मी म्हटलं.

"तुमच्याहून कमीच हाय माहा."

महागावच्या दातवाल्यानं दात उपटून हातात ठेवला. पांढरा, कुठं कीड नाही. दुखणं काही थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी तिले दरदरून घाम फुटला. दवाखान्यात छातीले वायरी लावून कागद काढला. डॉक्टर म्हणाला, यात काही दिसत नाही, रक्त तपासावं लागंल, ते मशीन इथं नाही, यवतमाळले न्या. वाटेतच, आर्णीच्या अलीकडं ती गेली. ते दुखणं दाताचं नव्हतं, काळजाचं होतं, हे मले मंग समजलं.

यंदा माह्या बहिणीची नात आली. नागपूरले प्रयोगशाळेत शिकते. तिनं नखाएवढी पट्टी दाखवली. म्हणे, प्रथिनाचे बारके तुकडे असतात, पेप्टाइड. पाण्यात सोडले की आपले आपण एकमेकाले धरून जाळं विणतात. काळजाले इजा झाली की रक्तात एक खूण उतरते, ती पट्टीवरच्या या जाळ्यात अडकते. थेंबभर रक्तात समजते.

"बिनजिवाचे तुकडे आपले आपण जमतात," मी म्हटलं, "अन् डॉक्टर न् मशीन एका गावात जमत नाही!"

पट्टी पारखाले तिले कापूस वेचणाऱ्या बायांचं रक्त पाह्यजे होतं. बाया तयार नव्हत्या. "आबा, तुम्ही आजीचं सांगा. तुमचं ऐकतील."

बाया समाजमंदिरात जमल्या. बोलाले उठायच्या आधी मी पोरीले विचारलं, "निकाल कवा देशीन?"

"निकाल देत नसतात, आबा. पट्टी अजून कच्ची आहे. शुद्ध पाण्यात खूण बरोबर ओळखते, खऱ्या रक्तात चुकते. म्हणून तर रक्त पाह्यजे. रक्ताच्या नळीवर नावही नसते."

"म्हंजे कोणाच्या रक्तात काही दिसलं तरी चूप बसान?"

"नियम आहे तसा."

"नियम घाल चुलीत! तुह्या आजीचं मरण सांगून रक्त घ्यायचं, अन् देणारीले तसंच मरू द्यायचं?"

"मामा, भांडता कायले?" एक बाई म्हणाली. "आमचं रक्त तसंही उन्हानं आटलं." बाया हसल्या. मी नाही हसलो.

मी दाताचं सांगितलं. मंग पोरगी काय बोलली, तेही सांगितलं. म्हटलं, पक्की तपासणी करून घरी येऊन सांगत असंल तर हात पुढं करा, नाही तर घरी जा. एकही हात पुढं आला नाही.

पोरीचे डोळे भरले. बाहेर कडुलिंबाखाली जाऊन तिनं आपल्या सरांना फोन लावला. लय वेळ बोलली. परत आली तं म्हणाली, "एक नळी जास्तीची घेऊ. ती यवतमाळले पक्क्या मशीनवर तपासू. तो निकाल मी घरोघरी आणून देईन."

"अन् जबडा दुखला तं?" मघाच्याच बाईनं विचारलं.

"तं दातवाल्याकडं पहिले जाऊ नका."

त्या बाईनं बाही वर केली.

एक फोन लागला फक्त. मंग आधी काहून नाही केला? पोरीवर माहा राग नाही, ती शिकून राह्यली. पण माह्या बायकोच्या वेळी यवतमाळले असा एक फोन लावून विचारावं, असं कोणाले सुचलं नाही, हे मले अजून गिळवत नाही.