न लावलेला गांधार

जगातली सगळी यंत्रं एकमेकांना जोडली की एक दिवस त्या जाळ्याला स्वतःची जाणीव येईल, हे मी पहिल्यांदा सांगलीला डिप्लोमा करताना ऐकलं. सर फळ्यावर ठिपके काढायचे, ते रेघांनी जोडायचे आणि म्हणायचे, एका ठिपक्यात अक्कल नसते, पण कोट्यवधी ठिपके जोडले की ती आपोआप उगवते. बाकीचा वर्ग जांभया देत होता. मला मात्र ते चटकन पटलं, कारण आमच्या घरात तसलंच काहीतरी रोज घडत होतं.

आमचं घर मिरजेतलं, तंबोरे करणाऱ्यांचं. तंबोऱ्याला चार तारा. एक पंचमाला लावायची, तीन षड्जाला. गांधार कुठल्याच तारेला लावत नाहीत. तरी तंबोरा नीट जमला की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत जाड तारेतून, गांधार स्वच्छ ऐकू येतो. लहानपणी मी भोपळ्याला कान लावून बसायचे. अब्बा तार छेडून विचारायचे, "आला का गं?" मी "आला" म्हटलं की ते कानस खाली ठेवायचे. पोरांचे कान तिखट असतात, एवढंच त्यामागचं कारण. मी मोठी झाले, ओढणी आली आणि विचारणं बंद झालं. तारा ज्या घोडीवर टेकतात ती कानशीनं केसभर घासून आवाज मोकळा करणं, ही आमच्याकडची जवारी. ती करायच्या पाटावर आमच्यात बायका बसत नाहीत. पॉलिश करा, भोपळे उन्हात ठेवा, चहा आणा. कानस तेवढी पुरुषांची.

मी नेटवर्क शिकले ते खरं सांगायचं तर रागानं. ह्या घरातल्या तारा मला मिळणार नाहीत ना, मग दुसऱ्या धरते, असं म्हणून. आता मिरजेतल्याच एका दवाखान्यात मी वायरी, स्विच आणि सर्व्हर सांभाळते. तिथं मला जगाचा मेंदू काही दिसला नाही. दिसल्या त्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि पंखा लावायला प्लग हवा म्हणून सर्व्हरचाच प्लग उपटणारे लोक. आणि एक गोष्ट मी तिथं पक्की शिकले. स्विचच्या पेटीतले सगळे दिवे हिरवे असतात, संगणक म्हणतो सगळं ठीक आहे, आणि वरच्या वॉर्डातून सिस्टरचा फोन येतो की बाई, एक्स-रे दिसत नाही. अशा वेळी मी दिव्यांवर विश्वास ठेवत नाही, जिना चढते.

अब्बांचं वय झालं होतं. त्यांच्यानंतर जवारी करणारं घरात कुणी नव्हतं. भाईनं, माझ्या थोरल्या भावानं, दुकान आणि गिऱ्हाइकं उत्तम सांभाळली, पण त्याला कान नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. मी दोनदा अब्बांना म्हटलं, मला शिकवा. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा भाईच मध्ये पडला.

"आता कशाला हात काळे करतीस? पुण्याची माणसं येणार हायत. अब्बांचं सगळं काम यंत्रात भरून घेणार. जवारी जगाला कळणार, आन् तू पाटावर बसायचं म्हणतीस!"

मला इतका संताप आला की मी जेवणावरून उठले. जगाला शिकवायला ह्यांची हरकत नव्हती. घरातल्या मुलीला शिकवायला होती.

पुण्याची माणसं आली, दोघं. त्यातला बोलणारा तरुण भला होता, हे सांगायलाच हवं. त्यानं अब्बांच्या पाया पडून सुरुवात केली. त्यांनी माइक लावले, घोडीचे बारीक फोटो घेतले, अब्बांच्या मनगटाला कसलासा पट्टा बांधला. "काका," तो म्हणाला, "जगातलं सगळं ज्ञान आता एका जाळ्यात गोळा होतंय. उद्या ते जाळं स्वतः विचार करील. तुमचा हात त्या विचारात कायमचा राहील." अब्बांना यातलं किती कळलं देव जाणे, पण ते खूश झाले. माणूस सत्तरी ओलांडतो तेव्हा "कायमचा" हा शब्द त्याला गोड लागतो. त्यात त्यांची काय चूक!

दोन दिवसांत तीन तंबोऱ्यांची जवारी झाली. तिसऱ्या दिवशी मी सुट्टी काढून चौथ्याच्या वेळी दाराशी उभी राहिले. चहा आणायला म्हणून.

आमच्या घरात एक रीत आहे. वडीलधारा कारागीर तार छेडतो, ऐकतो आणि म्हणतो, "उघडली." म्हणजे जवारी उघडली, वाद्य तयार. त्यानंतर त्या वाद्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. ह्या रीतीनंच आमचा घात केला.

अब्बांनी चारी तारा छेडल्या, डोळे मिटले आणि म्हणाले, "उघडली." तरुणानं फोनवरचा सूर मोजणारा मीटर बघितला. चारी तारांपुढे हिरवा दिवा. भाईनं मान डोलावली. मी ऐकत होते. पंचम होता, षड्ज होते, खर्ज घुमत होता. गांधार नव्हता. आवाज बंद डब्यातून आल्यासारखा येत होता.

मला एकदम सगळं कळलं. घरात टीव्हीचा आवाज का वाढला होता, कुकरची शिट्टी झाली तरी अब्बा गॅस बंद का करत नव्हते. त्यांचा हात सवयीनं चालत होता, कान गेला होता. आणि कधीपासून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण "उघडली" म्हटल्यावर आमच्यात कुणी बोलत नाही आणि हल्लीची गिऱ्हाइकं मीटर बघून तंबोरा नेतात.

मी गप्प बसू शकले असते. अब्बांची अब्रू राहिली असती. परक्या माणसांसमोर बापाला खोटं पाडणारी मुलगी आमच्या गल्लीत अजून जन्मली नव्हती.

"नाही उघडली, अब्बा," मी म्हणाले. "गांधार येत नाही."

भाई लालबुंद झाला. "तुला काय कळतंय त्यातलं? आत जा!"

"मॅडम, चारी तारा अचूक आहेत," तरुण मला फोन दाखवत म्हणाला. "बघा, सगळं हिरवं आहे."

"हिरव्याचं मला सांगू नका," मी म्हटलं. "रोज बघते मी."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटत होतं, आणि तरी मी तिथून हलले नाही. अब्बांनी पुन्हा तार छेडली. भोपळ्यावर झुकले. मग डावा कान लावला, मग उजवा. शेवटी वर न बघता त्यांनी मला विचारलं, तेच, वीस-पंचवीस वर्षांनी.

"आला का गं?"

"नाही, अब्बा."

त्यांनी मनगटाचा पट्टा सोडला. "साहेब, माझा कान गेलाय," ते म्हणाले. "मला आज कळतंय. तवा हे सगळं पुसा. ते तीन तंबोरंबी पुसा."

तरुणाचा चेहरा पडला. पहिल्या तीन तंबोऱ्यांचं रेकॉर्डिंग जाळ्यावर गेलं होतं, तो म्हणाला. ज्या यंत्राला ते शिकवलं, त्यानं ते आपल्यात मिसळून घेतलं होतं. आता वेगळं काढता येत नाही. मी त्याच्याशी तासभर भांडले. कुणाशी बोलायचं, कुठं लिहायचं, सगळं विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. म्हणजे उद्या ते जाळं जागं झालंच, तर तंबोरा म्हटल्यावर त्याच्या मनात माझ्या बापाची बंद जवारी वाजणार, आणि ती बंद आहे हे त्याला सांगायला तिथं दार नाही. नुसती जोडाजोड करून काही उगवत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. चार तारा तर त्या तंबोऱ्यालाही जोडलेल्याच होत्या.

अब्बा आठ दिवस पाटावर बसले नाहीत. ते तीन तंबोरे गिऱ्हाइकं घेऊन गेली होती, ते परत मागवले आणि भिंतीला टांगले. मला वाटलं, मीच त्यांना संपवलं. रडलेही मी, दवाखान्याच्या सर्व्हरच्या खोलीत, दार लावून. नवव्या दिवशी कामावरून आले तर पाट ओसरीवर मांडलेला, त्यावर कानस, आणि अब्बा पाटाच्या शेजारी जमिनीवर बसलेले. भाई काही तरी बोलायला गेला. अब्बांनी हात वर केला.

"बस," ते मला म्हणाले.

गल्लीत चर्चा झाली. बाई जवारी करती म्हटल्यावर एकानं ऑर्डर रद्द केली. करू दे. अब्बांचा हात माझ्या हातावर असतो. किती दाबायचं, कुठं थांबायचं ते त्यांच्या बोटांना अजून ठाऊक आहे आणि माझ्या कानाला. पहिल्या चार घोड्या मी फुकट घालवल्या.

परवा कोल्हापूरचे एक गायक तंबोरा न्यायला आले. गाडी दारात उभी होती. त्यांनी स्वतः तारा लावल्या, फोन समोर धरला. सगळं हिरवं झालं. "वा! झालं की," म्हणत ते गवसणी घालायला लागले.

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. "आला?"

मी खर्जाची तार छेडली, ती विझेपर्यंत ऐकली. "अजून नाही," म्हटलं.

"अहो, पण मीटरवर..." गायकांनी फोन पुढे केला.

अब्बांनी त्या फोनकडे बघितलंसुद्धा नाही. तंबोरा गायकांच्या मांडीवरून उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"ती न्हाई म्हणतीया म्हंजे न्हाई," ते म्हणाले. "गुरुवारी या."